तोंडं मोजून दिलेले मार्क

आमच्या घरात खाणारी तोंडं तीन. नवरा, मी आणि मुलगी. संपाच्या काळात हा आकडा मी इतक्या वेळा ऐकला की अजूनही कुणी घरात माणसं किती म्हणून विचारलं तर मला राग येतो.

गिरणी बंद होऊन वर्ष उलटून गेलं होतं. डिलाईल रोडला आमची चाळ. जवळजवळ प्रत्येक खोलीतला पुरुष कुठल्या ना कुठल्या गिरणीत होता आणि आता गॅलरीत बसून होता. माझा नवरा साचेखात्यात विणकर. संपाचा कट्टर माणूस. गावाकडून आणि युनियनकडून जे धान्य यायचं ते चाळीत वाटायचं काम कमिटीने त्याच्याकडे दिलं होतं. जिन्याखाली पोती उतरायची. पत्र्याचा एक डबा माप म्हणून ठेवलेला. वाटप कामावरून नव्हतं, काम कुणालाच नव्हतं. गिरणीत कुणी किती वर्षं काढली त्यावरूनही नव्हतं. ज्या खोलीत तोंडं जास्त तिला डबे जास्त, एवढाच नियम.

मुलगी बापाच्या शेजारी उभी राहून मोठ्याने सांगायची, ही खोली, तोंडं सात, ती खोली, तोंडं पाच. सगळ्या चाळीची तोंडं तिला पाठ होती. आमची पाळी आली की ती तीन म्हणायची आणि बाप डब्यावरून हात फिरवून माप सपाट करायचा. दुसऱ्यांच्या मापावर थोडी शीग राहिली तर चालायची, आमच्या नाही. लोक बोलतील म्हणून.

मला ते कधी पटलं नाही. संपाआधी मी घरात खानावळ चालवत होते. सहा गडी जेवायचे, पहाटे उठून मी त्यांच्या भाकऱ्या थापायची. संप झाला तसे ते गडी गावाला गेले आणि माझी चूल आमच्यापुरती उरली. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई. जो राबला त्याला जास्त, हा एवढाच हिशेब मला समजतो. आमच्या वरच्या मजल्यावर आमच्यासारखंच एक मालवणी कुटुंब होतं, आठ तोंडं. तिथला पुरुष संपाच्या आधीही महिन्यातून चार दिवस दारू पिऊन खाडे करायचा. त्याच्या घरी आमच्या दुपटीहून जास्त तांदूळ जायचा. मी हे नवऱ्याला बोलले तेव्हा तो म्हणाला, दारू तो पितो, पोरं पीत नाहीत. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. माझंही नव्हतं.

दिवाळी झाल्यावर नवऱ्याने ठरवलं की वार्षिक परीक्षा झाली की मी आणि मुलीने गावाला जायचं. तो एकटा मुंबईत राहणार होता, संप मिटेल या आशेवर. गावची शाळा सातवीपर्यंत. हायस्कूल खाडीपलीकडे, होडीने जायचं, आणि पावसाळ्यात होडी बंद. मुलगी नववीत होती. म्हणजे तिची शाळा संपली. हे त्याने जेवताना सांगितलं आणि हात धुऊन तो रे रोडला गेला. तिथल्या लाकडाच्या वखारीत त्याला कधीमधी ओझी उचलायचं काम मिळायचं.

मुलगी रडली नाही. रडणारी नव्हतीच ती. पण तिच्या डोक्यात वेगळंच होतं हे मला माहीत होतं. एकदा मला ताप येऊन मी परळच्या मोठ्या हॉस्पिटलात पडले होते, तेव्हा तिने तिथे रक्त तपासायच्या खोलीत एका बाईला यंत्रात डोळा लावून बसलेली पाहिली होती. तेव्हापासून तिला तसं बसायचं होतं. दुसरं काही तिने कधी मागितलं नाही. विज्ञानात ती वर्गात पहिली यायची.

त्यांना विज्ञान शिकवणाऱ्या बाई गिरगावात फणसवाडीत राहायच्या. एकट्या, साधी सुती साडी, बोलणं पुस्तकातल्यासारखं शुद्ध. त्यांनी त्या वर्षी चार-चार मुलींचे गट करून एकेक प्रयोग तयार करायला सांगितला होता. माझ्या मुलीच्या गटाला पाणी गाळायची मडकी आली. एकावर एक मडकी ठेवायची, एकात रेती, एकात कोळसा, खाली स्वच्छ पाणी. गटात माझी मुलगी, वरच्या मजल्यावरच्या त्या मालवण्यांची मुलगी, शेजारच्या चाळीतली एका संपवाल्याची मुलगी आणि चौथी एका कोळणीची मुलगी. कोळीण आमच्याच नाक्यावर मासळी घेऊन बसायची.

ते काम आमच्या खोलीत झालं, म्हणून मी सांगू शकते ते कुणी केलं. दादरच्या चौपाटीवरून रेती माझ्या मुलीने आणली. ती खारट, म्हणून ती धुवायची. आमच्याकडे नळाला पहाटे पाणी यायचं आणि पिंप भरून ठेवावं लागायचं. त्या पिंपातलं पाणी ती रेतीवर घालायची आणि मी तिच्या पाठीत रट्टे घालायची. तरी धुतली. मडक्यांच्या तळाला भोकं तिने पाडली, त्यात दोन मडकी फुटली. मडकी ठेवायला बापाने वखारीतून फळ्या आणल्या, खिळे तिने ठोकले. पहिल्यांदा पाणी सोडलं तर ते गाळायच्या आधी बरं होतं, गाळल्यावर काळं आलं. कोळशाची पूड. मग कोळसा धुतला, खाली बापाच्या जुन्या धोतराची घडी घातली, परत पाणी सोडलं. कितीदा केलं ते मी मोजलं नाही. शेवटी एक दिवस तिने पेल्यात पाणी धरून मला दाखवलं. गटारातल्या पाण्यापासून ते झालं होतं. मी प्यायले नाही, पण दिसायला स्वच्छ होतं.

बाकीच्या तिघी काय करत होत्या? शेजारच्या चाळीतली यायची आणि चित्रं काढायची, तेवढं तिने बरं केलं. कोळणीची मुलगी संध्याकाळी यायची, उंबऱ्यात बसून गप्पा मारायची आणि हसवायची. वरची मुलगी दोनदा आली. ती येऊ शकत नव्हती, हेही खरं आहे. संप लांबला तशी तिची आई दादरला मोठ्या इमारतींतून भांडी घासायला जाऊ लागली होती आणि मुलीला बरोबर न्यायची. शाळा सुटली की ती तिकडे.

प्रयोग मांडून झाल्यावर बाईंनी मार्क द्यायची नवी रीत काढली. आधीच्या वर्षी त्या गटाला एकच मार्क द्यायच्या, चौघींना सारखे. त्यात एक मरमर करायची आणि तिघी फुकटात पास व्हायच्या. म्हणून त्यांनी प्रत्येक मुलीसाठी एकेक काड्यापेटी केली, वर हजेरीचा नंबर घातला, आणि प्रत्येकीच्या हातात मोजून चिंचोके दिले. आपल्या गटातल्या बाकीच्या तिघींपैकी जिने जेवढं काम केलं तेवढे चिंचोके तिच्या पेटीत टाकायचे. स्वतःच्या पेटीत टाकायचे नाहीत. टेबलावर पुठ्ठ्याचा आडोसा, म्हणजे कोण काय टाकतं ते कुणाला दिसू नये. पेटीत जेवढे निघतील त्यावरून गटाच्या मार्कांतला तिचा भाग.

मला हे पुढे कळलं तेव्हा फार आवडलं. गिरणीत माझ्या नवऱ्याने विणलेलं कापड मोजणारा माणूस वेगळा असायचा आणि त्या मोजणीवरून भांडणं व्हायची. इथे मोजणारे बरोबरचेच, आणि तेही तोंड लपवून. यात लबाडी कोण करणार, असं मला वाटलं असतं.

घरी येऊन मुलीने काही सांगितलं नाही. मार्क लागले तेव्हा मी विचारलं, तर म्हणाली बरे आहेत.

नंतर, परीक्षेच्या थोडं आधी, शाळेला एक निरोप आला. दादरला गरीब मुलींचं एक वसतिगृह होतं. त्यांना गिरणगावातल्या शाळांतून एकेक मुलगी घ्यायची होती. दहावीपर्यंत राहणं, जेवण, वह्या-पुस्तकं, आणि पास झाली तर हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेतलं काम शिकायला पाठवणार. आमच्या शाळेतून विज्ञानाच्या प्रयोगाचे मार्क बघून एक मुलगी द्यायची होती. ही बातमी चाळीत आली तेव्हा मी देवापुढे दिवा लावला. माझ्या मनात शंकाच नव्हती. मुलीला गावाला न्यायची गरज नव्हती. ती दादरला राहील, यंत्रात डोळा लावून बसेल. मी नवऱ्याला तसं बोलूनही टाकलं. मुलगी पाठ फिरवून बसली होती. तिने मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी नाक्यावर कोळणीने मला हाक मारली. मासळी घ्यायची माझी ऐपत नव्हती तेव्हा, मी पुढे जात होते.

"तुजी पोर येडी हाय काय गो?" ती म्हणाली. "सगलं काम तिनं केलं, न् चिंचोके टाकले वरचीच्या पेटीत. आमचीला पन तेच टाकाय लावले."

मला कळेना. मग तिने सगळं सांगितलं. पेट्यांच्या आधी चौघी जिन्यात बसल्या होत्या आणि माझ्या मुलीने वाटणी ठरवून दिली होती. कामावरून नाही. घरातल्या तोंडांवरून. वरच्या मुलीच्या घरात आठ तोंडं, म्हणून तिला सगळ्यात जास्त. मग शेजारच्या चाळीतली, मग कोळणीची, आणि आमच्या घरात तीन, म्हणून तिला स्वतःला सगळ्यात कमी. कोळणीची मुलगी म्हणाली होती, अगं हे धान्य आहे का, मार्क आहेत. तर माझी म्हणाली, वाटायचं असलं की असंच वाटतात. आणि बाकीच्या दोघी संपवाल्यांच्याच मुली, त्यांनाही दुसरी वाटणी माहीत नव्हती. कोळणीची मुलगी एकटी पडली म्हणून तिनेही तसंच केलं.

तेव्हा वसतिगृहाचं कुणाला ठाऊकही नव्हतं. नुसते मार्क होते. पण आता त्या मार्कांनी वरची मुलगी पहिली झाली होती.

मी घरी आले. मुलीला विचारलं, तिने नाकारलं नाही. मी तिला मारलं. संध्याकाळी नवरा आला, त्याला सांगितलं. मला वाटलं होतं, तो तरी कपाळावर हात मारेल. त्याने सदरा खुंटीला अडकवला आणि म्हणाला, "चेडवान बरोबर केल्यान." पोरीने केलं ते बरोबर, म्हणे.

मी म्हटलं, तुमची कमिटी जिन्याखाली ठेवा, माझ्या पोरीच्या पुस्तकात आणू नका. तो म्हणाला, वरच्यांचं एक तोंड दादरला गेलं तर उरलेल्या सातांना दोन घास जास्त. मी म्हटलं, आणि आपली? आपली गावाला जाऊन शेण थापेल? त्यावर तो म्हणाला, गावाला सगळेच थापतात. मी ताट त्याच्यासमोर आपटलं. त्या दिवसानंतर आमच्यात कामापुरतं बोलणं राहिलं.

सकाळी मी शाळेत गेले. मी त्या शाळेत कधी गेले नव्हते, लुगड्याचा पदर नीट करून बाईंसमोर उभी राहिले. बाईंनी खुर्ची दिली. मी बसले आणि जे होतं ते सांगितलं, काही लपवलं नाही. बाईंना वाटलं मी त्यांच्या रीतीबद्दल भांडायला आले आहे. त्या समजावू लागल्या की ही रीत का केली, एका वर्षी एक मुलगी त्यांच्यापाशी येऊन कशी रडली होती, तिघींचं काम करून तिला काही मिळालं नाही म्हणून. मी त्यांना थांबवलं.

"बाई, तुमचं माप बरोबर आहे," मी म्हटलं. "माझ्या पोरीनं ते वाकडं केलं. तुम्ही सरळ करा."

त्यांनी विचारलं, घरातली माणसं मोजून टाकले, हे तुम्हाला नक्की माहीत आहे? मी धान्याचं सांगितलं. मुलगी बापाजवळ उभी राहून तोंडं कशी ओरडते ते सांगितलं. बाई गिरगावच्या, त्यांच्या घरात गिरणीत कुणी नव्हतं. त्यांना हे नवीन होतं. त्या म्हणाल्या, मी बाकी सगळा विचार केला होता. मैत्रिणी मैत्रिणींना जास्त देतील, रागावलेल्या कमी देतील, त्यासाठीच आडोसा लावला. हे माझ्या डोक्यात आलं नाही.

पण त्या एका आईच्या शब्दावर मार्क बदलणार नव्हत्या, आणि ते बरोबरच होतं. उद्या दुसरी आई येईल. त्या म्हणाल्या, चौघींना बोलावते, तुमच्यासमोर विचारते, आणि चौघी परत टाकायला तयार असतील तर परत टाकू देत. एक जरी नाही म्हणाली तर हे माप मी धरणार नाही, गटाला आधीसारखे सारखे मार्क देईन.

मी हो म्हटलं. सारखे मार्क पडले तर काय होईल, ते मी विचारलं नाही. माझी मुलगी नाही म्हणेल हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

मधल्या सुट्टीत चौघी विज्ञानाच्या खोलीत आल्या. मी कोपऱ्यात स्टुलावर बसले होते. ती मडकी अजून तिथेच खिडकीखाली होती. बाईंनी ओरडाआरडा केला नाही. एकेक काम घेऊन विचारलं, रेती कुणी धुतली, भोकं कुणी पाडली. कोळणीच्या मुलीने सरळ सांगून टाकलं.

"बाई, खरं सांगू? आम्ही नुसत्या बसायचो. ही करायची. ही आम्हाला हातपण लावू देत नव्हती, बोलायची तुम्ही फोडाल."

शेजारच्या चाळीतली चित्रांचं बोलली. मग वरच्या मुलीची पाळी आली. तिच्या हाताची बोटं राखेने आणि सोड्याने फाटलेली होती, ती तिने ओढणीत लपवली होती. ती हळू आवाजात म्हणाली, "मी दोनदाच आले, बाई." खोटं बोलली नाही. खोटं बोलायला तिच्यापाशी पुरेसं कारण होतं. वसतिगृहात गेलीस तर तिथे पोटभर मिळेल असं तिच्या आईने तिला सांगून ठेवलं होतं, आणि आई गॅलरीत सगळ्यांना तेच सांगत होती.

बाईंनी माझ्या मुलीला विचारलं, काम विचारलं होतं, मग तू तोंडं का मोजलीस. ती म्हणाली, "ती येत नव्हती कारण ती भांडी घासत होती. रिकामी नव्हती."

मी मध्ये बोलले. मी म्हटलं, भांडी घासून पाणी गाळलं जात नाही. बाईंनी हात वर करून मला थांबवलं.

मग पेट्या आणल्या. आडोसा लावला. कोळणीची मुलगी जाऊन आली. शेजारची जाऊन आली. वरची गेली, तिला वेळ लागला, पण तिनेही टाकले. माझी मुलगी जागची हलली नाही. चिंचोके तिच्या मुठीत होते.

"मी एकदा दिलेत, बाई," ती म्हणाली. "परत देणार नाही."

बाईंनी तिला समजावलं. हे माप रद्द झालं तर गटाला सारखे मार्क पडतील आणि मग वसतिगृहाचं काय होईल ते सांगता येणार नाही, असं स्पष्ट सांगितलं. मुलीला ते कळत होतं. ती काही अडाणी नव्हती. मी स्टुलावरून उठले आणि म्हटलं, टाक. एवढंच म्हटलं. तिने माझ्याकडे बघितलं नाही. वरची मुलगी दोन हातांच्या अंतरावर उभी होती आणि जमिनीकडे बघत होती. घंटा झाली. बाईंनी माझ्या मुलीच्या मुठीतून चिंचोके काढून घेतले आणि पेट्या ड्रॉवरमध्ये ठेवल्या.

जिन्यात मी तिला विचारलं, का? तुला नको होतं का? ती म्हणाली, "हवं होतं." मग का नाही टाकलेस? "ती समोर होती," ती म्हणाली. आडोसा होता ना, मी म्हटलं. ती वर्गात गेली.

सारखे मार्क पडले. माझ्या मुलीचे होते त्याहून थोडे वाढले, वरच्या मुलीचे उतरले. आणि दुसऱ्या गटातली एक मुलगी, लालबागच्या एका शिंप्याची, या दोघींच्या पुढे गेली. तिच्या गटाने चिंचोके कामावरून टाकले होते. तिने काम केलं होतं आणि तिला त्याचं मिळालं. त्यात अन्याय काही नाही, मी कबूल करते. बाईंची रीत तिच्या बाबतीत बरोबर लागू पडली. ती मुलगी दादरला गेली. पुढे तिचं काय झालं मला माहीत नाही.

चाळीत ही गोष्ट एका दिवसात सगळ्यांना कळली. मी पाणी भरायला गेले तर नळावरच्या बायका बाजूला झाल्या. वरच्या मजल्यावरची बाई भांड्यांच्या कामावरून परत येताना माझ्या दारात थांबली. आत आली नाही. तिने आवाज चढवला नाही.

"वयनी," ती म्हणाली, "माझ्या चेडवाच्या तोंडातलो घास काढलंस. तुझ्या चेडवाकय गावलो नाय."

मी म्हटलं, तो घास माझ्या पोरीने कमावलेला होता. ती म्हणाली, मग तिका तरी मिळाक व्हयो होतो. आणि वर निघून गेली. मी तिच्यामागे गेले नाही. पुढच्या वाटपाला नवऱ्याने मला जिन्याखाली येऊ दिलं नाही, डबा त्यानेच वर आणला. मुलगी त्याच्या शेजारी उभी राहून तोंडं सांगत होती, नेहमीच्याच आवाजात. वरच्यांची आठ. आमची तीन.

बाई एकदा चाळीत आल्या. परीक्षा झालेली होती, आमची बोचकी बांधलेली होती. फणसवाडीत त्यांची एकच खोली. तरी त्या म्हणाल्या, मुलीला माझ्याकडे ठेवा, दहावीचं मी बघते. मी लगेच हो म्हणणार होते. नवराही नाही म्हणाला नव्हता. मुलीनेच विचारलं, "दोघींना ठेवाल?" बाईंची खोली मी पुढे कधी पाहिली नाही, पण एका खोलीत दोन परक्या पोरी ठेवणं सोपं नाही हे कुणालाही कळेल. त्या खाली बघत म्हणाल्या, एकीलाच ठेवू शकेन. मुलगी म्हणाली, मग नको. मी तिला बाईंसमोर ओढून मोरीत नेलं आणि काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. ती ऐकत राहिली. बाई चहा न घेता गेल्या. नंतर त्यांनी ती चिंचोक्यांची रीत बंद केली असं कोळणीची मुलगी सांगायची. मला वाईट वाटलं. रीत चांगली होती.

आम्ही गावाला गेलो. मुलगी नववी पास झालेली, तिथे तेवढी शिकलेली दुसरी मुलगी नव्हती, आणि त्याचा तिथे काही उपयोग नव्हता. संप मिटलाच नाही. गिरणी कधीतरी चालू झाली तेव्हा माझ्या नवऱ्याला आत घेतलं नाही. तो वखारीत ओझी उचलत राहिला आणि छातीच्या दुखण्याने गेला. तेव्हा आम्ही दोघी परत मुंबईला आलो, खोली जाऊ नये म्हणून. वरची मुलगी तोपर्यंत स्वतःची घरं धरून दादरला भांडी घासत होती. तिचे भाऊ मोठे झाले होते, त्यांतल्या दोघांना दारूची सवय लागली होती. माझ्या मुलीने करी रोडजवळ एका कारखान्यात औषधाच्या बाटल्या भरायचं काम धरलं. पुढे तिचं लग्न झालं, मोडलं, ती परत माझ्याकडे आली.

त्या दोघी एकमेकींशी बोलायच्या. वरच्या मुलीची आई माझ्याशी शेवटपर्यंत बोलली नाही. ती वारली तेव्हा मी वर गेले नाही, मुलगी गेली.

गेल्या वर्षी आम्ही दोघी खोलीत कोलंबीचे सुके सोडे निवडत बसलो होतो. मुलगी आता पन्नाशी ओलांडलेली बाई आहे. कशावरून विषय निघाला आठवत नाही. मी तिला म्हटलं, तू तेव्हा मूठ उघडली असतीस तर आज हॉस्पिटलात असतीस, पुढे पेन्शन खाल्ली असतीस. इतक्या वर्षांत मी हे पहिल्यांदाच बोलले असं नाही. दर वेळी ती गप्प राहायची. या वेळी बोलली.

"तू शाळेत गेली नसतीस तर आमच्यातल्या एकीला तरी मिळालं असतं."

"मिळालं असतं," मी म्हटलं. "तुला नसतं."

"मला नसतं."

"मग मी कशाला घरी बसायचं होतं?"

तिने सुपातला कचरा काढून बाजूला केला. मला वाटलं आता भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं, मला पुढचं बोलता आलं असतं. ती म्हणाली, "तू तुझं केलंस. ठीक आहे." आणि घड्याळ बघून उठली. तिला कामावर जायचं होतं. त्या बाटल्यांच्या कारखान्यात चार बायकांच्या टेबलाचा एकच हिशेब लिहितात, कोणी किती बाटल्या भरल्या ते वेगळं धरत नाहीत. तिच्या टेबलावरची एक बाई गुडघ्यांनी अधू आहे, निम्मा वेळ बसून असते. ती कोण हे मी विचारायची गरज नाही. वरची मुलगीच आहे ती. माझ्या मुलीने तिला तिथे लावून घेतलं.